मस्कतहून तेलगावला

मामा मस्कतला ट्रक चालवतो. तिथून मुंबईला विमानानं तीन तास लागतात, एवढं वडिलांनी कुठूनतरी ऐकलं होतं. माझ्या लग्नाआधी महिनाभर ते भेटेल त्याला तेच सांगत सुटले होते, "तीन तासांत मेव्हणा मांडवात!" जसं काही विमान तेलगावच्या उसातच उतरणार होतं. मुंबईपासून पुढं अर्धा महाराष्ट्र तुडवत यावं लागतं, हे त्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही. त्यात मामाला सुट्टी मिळाली ती अगदी आदल्या दिवशी.

नवरीला मामानं मांडवात आणायचं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, ही आमची रीत. आईला हा एकुलता एक भाऊ. सात वर्षांत तिनं त्याला फक्त मोबाइलवर पाहिलेलं. "माझा भाऊ येईल तवाच पोरगी खोलीतून निघंल," असं तिनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

एरवी आमच्याकडं लग्न वेळेवर लागतच नाही. नवरदेवाची मिरवणूक मारुतीला जाते, पोरं बँडपुढं नाचत बसतात आणि नवरीकडचे बोटं मोडतात. मी तर देवाला विनवत होते, आज नाचू दे बाबा, पार दिवस मावळेपर्यंत नाचू दे. पण माझं नशीबच मेलं तसं! सासऱ्यांनी नाच बंद केलेला. मुहूर्त म्हणजे मुहूर्त. नवरदेव वेळेच्या आधी स्टेजवर हजर.

तेवढ्यात मामाचा फोन आला. वडवणीच्या पुढं उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झाली होती आणि गाड्या जागच्या हलत नव्हत्या. काका मोटारसायकल घेऊन धावले. बाहेर भटजींनी माइकवरून पुकारा केला, "मामांनी नवरीला घेऊन यावं." पुन्हा पुकारा झाला. सासऱ्यांचा आवाज चढला. वडील घामाघूम होऊन खोलीत आले. "तुझ्या आईचा चुलतभाऊ हाय ना, त्याच्यासंगं चल. इज्जतीचा सवाल हाय."

आई पदर तोंडात धरून नुसती उभी होती. महिनाभर हुकूम सोडणारी बाई अशी गप्प झालेली पाहून माझं डोकंच फिरलं. मी वडिलांना बाहेर काढलं आणि आतून कडी लावली. "मामा आल्याबिगर मी न्हाई निघत. लग्न मोडलं तर मोडू द्या!"

बोलून तर गेले. दारावर थापांवर थापा पडत होत्या. "हेच वळण लावलं का पोरीला?" कुणीतरी बाई ओरडली. खरंच मोडलं तर? नवरा मला लई आवडला होता हो! तरी मी कडीवरचा हात काढला नाही.

मग थापा थांबल्या. "उघड गं बाई, मी आलोय."

मी कडी काढली. काकांनी मामाला उसातल्या पायवाटेनं आणलं होतं. केसांत धूळ, डोळे लालभडक. तो माझा हात धरायला पुढं झाला, पण आई मधे आली. तिनं त्याचा दंड घट्ट धरला.

"तीनच तास लागत्यात ना रे?" ती म्हणाली. "मग सात वर्षं कावून लागली तुला?"

बाहेर भटजी पुकारतच होते. मामानं आईचा हात सोडवला नाही. दुसऱ्या हातानं त्यानं मला धरलं आणि आम्ही तिघंही तसेच मांडवात गेलो.