कुकाचं रविवारचं पाणी

आमच्या गावात सगळ्यांत मोठ्या पोळ्या कुकाच्या. कणकेचा गोळा हातावर थापत थापत कोपरापर्यंत नेते आणि इतका पातळ करते की पलीकडचा जाळ दिसावा. पोराला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशीही तिनं अशाच पोळ्या केल्या. एकही फाटली नाही. मला तिचा रागच आला. मी त्या पोराची, आन्सेल्मोची, धर्माची आई, बाप्तिस्म्याला त्याला कडेवर घेतलेली. रडून रडून माझा घसा बसला होता, आणि ही सख्खी आई मला विचारत होती, "ब्रिहिदा, घेवडा वाढू का अजून?"

आन्सेल्मो सरहद्दीपलीकडं कामाला निघाला होता, वाळवंटातून पायी. वाटेत त्याचं पाणी संपलं. शोधायला गेलेल्यांना तो धुपाच्या झुडपाखाली सापडला, डोकं तेवढं सावलीत घातलेला. पिवळ्या फुलांचं, पांढुरक्या पानांचं ते झुडूप. त्याचाच गोंद आम्ही चर्चमध्ये धूप म्हणून जाळतो. फुलं नुकतीच वाळली होती, त्यामुळं बिया त्याच्या सदऱ्याला चिकटून आल्या. कुकानं तो सदरा धुतला नाही. कबरीवर नेऊन झटकला, घडी घातली आणि घरी आणून ठेवला.

हिवाळी पावसावर त्या बियांतलं एकच रोप तगलं, अगदी पोराच्या उशाशी.

मृतांच्या दिवशी आम्ही पेलाभर पाणी ठेवतो, कारण आत्मे लांबून तहानलेले येतात. हे वर्षातून एकदा. कुका मात्र दर रविवारी मोठी बाटली भरून नेई आणि उशाशी रिकामी करी. जिचं पोर तहानेनं गेलं, तिला कोण काय बोलणार?

झुडूप आधी खूश दिसलं. पानांवरची पांढरी लव गेली, पानं मोठी आणि हिरवीगार झाली. "बघ, पितोय," कुका म्हणाली. म्हणाली तीही पीठ संपलंय सांगावं तशी. तरी त्या वर्षात तिनं पोराबद्दल आपणहून काढलेला हा पहिला शब्द, म्हणून मी जीभ आवरली.

पण माझा जन्म या झुडपांत गेलाय. त्यांची निगा म्हणजे त्यांच्या वाटेला न जाणं. बहर ओसरला की वाळके दांडे छाटायचे आणि हात झटकायचे. उन्हाळ्यात पानं टाकून ते काटक्यांसारखं झोपतं, आणि त्या झोपेत कोणी पाणी पाजत बसलं की मुळं कुजतात. अति तिथे माती, दुसरं काय!

पुढच्या उन्हाळ्यात बुंधा काळा पडला. जवळ गेलं की कुजका वास यायचा. एका रविवारी मात्र मला राहवेना.

"अगं बाई, बुडवतेस तू त्याला! हलवून बघ, मुळातच सैल झालंय."

"हं."

"हं काय, हं? त्याच्या सदऱ्यातलं आहे ते. मेलं तर दुसरं कुठून आणणार आहेस?"

"माहितेय मला."

"मग पाऊस येईस्तोवर थांब की!"

कुका बाटलीचं झाकण फिरवत राहिली. ही बाई म्हणजे सुंभ जळाला तरी पीळ जायचा नाही. मी तिचा दंड धरला.

"बरं, नाही राहवत ना? मग पायाकडं ओत. झाडही वाचेल, पोरालाही पोचेल. एवढं साधं कळत नाही तुला?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, दुःखानंही नाही. एखाद्या पोरानं खुळ्यासारखं काही विचारावं, तसं.

"तोंड इकडं आहे, ब्रिहिदा."

आणि तिनं बाटली वाकवली. मी चर्चच्या भिंतीकडं बघत उभी राहिले.

झुडूप त्याच महिन्यात आडवं झालं. कुकानं ते उपटलं, कुंपणापलीकडं टाकलं आणि हात झग्याला पुसले. रडली नाही. मी रडले, नेहमीसारखी.

पुढच्या रविवारी तिचे गुडघे धरले होते, वाकवेना. मी म्हटलं, दे इकडं. बाटली घेतली आणि उशाशी उपडी केली.

"हळू," कुकानं माझं मनगट धरलं. "ठसका लागेल त्याला."