बिनकामाचं ते बंद

आमच्या साडूंइतका बंद करण्याचा नाद असलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा झाला नाही. कॉम्प्युटर नुकते गावोगाव पोचले होते आणि वडवणीच्या स्टँडसमोर साडूंनी टायपिंगचं दुकान थाटलं होतं. त्यांचं यंत्र सुरू होईपर्यंत गिऱ्हाईक आठवडी बाजार करून येई. मग कुठूनसं साडूंना कळलं, की पडद्यामागे सर्विसेस नावाचे कितीतरी छोटे प्रोग्रॅम उगाच चालू असतात. ते बंद केले की यंत्र पळतं. झालं. अतिक्रमण हटवायला निघालेल्या तहसीलदाराच्या थाटात ते खुर्चीत बसू लागले. "ही कावून चालू हाय? काम करताना दिसती का? न्हाई ना? बंद." यंत्र खरंच घोड्यासारखं उधळलं. फक्त छपाई होईना, कारण छपाईची सर्विसही त्यांनी झाडून टाकली होती. "छापायचं सोडलं तर समदं लई फास्ट हाय," असं ते गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगत. घरीही तेच. पाहुणा गप्प बसला, की साडू त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद करत.

मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्याकडच्या पत्रिकेत नवरा-नवरी शोधावे लागतात, इतकी चुलत्या-मामांची नावं असतात. साडूंनी पत्रिका स्वतः टाइप केली. "हे आमचे सिरसाळ्याचे चुलते करतेत काय? कोपऱ्यात बसतेत. बंद." पत्रिका एवढी सुटसुटीत झाली, की लोक वाचून झाल्यावर मागची बाजू उलटून बघत. छापायला अर्थातच ती बीडला पाठवावी लागली.

लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात ना आचारी, ना पाण्याचा टँकर, ना वाढपी. तेव्हा उलगडा झाला, की घरातल्या प्रत्येक लग्नात हे सगळं चुलतेच जमवत, कोपऱ्यात बसल्या बसल्या. आणि ते घरी फुगून बसले होते. उद्या वऱ्हाड दारात येणार, आणि चूल थंड. मला मोटारसायकलवर मागे घेऊन साडू सिरसाळ्याला गेले. त्यांनी चुलत्यांच्या पायांवर टोपी ठेवली.

"बंद करायला शिकलास बे. चालू करायला येतं का?" चुलते म्हणाले.

मग त्यांनी चपला पायात सरकवल्या. "चल. नात माझीबी हाय."

पंगतीतून कुणी उपाशी उठलं नाही.

चुलत्यांना जाऊनही आता वर्षं झाली. परवा दुकानात गेलो, तर यंत्र पुन्हा रखडत होतं. म्हणालो, "साडूभाऊ, बिनकामाचं बंद करा की."

त्यांनी माऊसवरचा हात काढून घेतला. "ऱ्हाऊ द्या. कोण कोपऱ्यात बसून काय करतंय, आपल्याला काय कळतं?"

मग यंत्र जागं होईपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो. मी बराच वेळ गप्प होतो, तरी डोक्यावरचा पंखा फिरत होता.