तीन तासांची वाट

तारीख ठरवायच्या आधी जावयांनी विमानाच्या वेळेचा कागद पाठवला. मी चष्मा लावून स्वतः वाचला. मुंबईहून दुपारी दोनला उडायचं, अमेरिकेत लेकीच्या गावी त्याच दिवशी पाचला उतरायचं. मी चौथी शिकलेली. पाचातून दोन गेले, तीन राहिले.

देवगाव रंगारीहून आलेली जाऊ म्हणाली, "तीनच तास? मला आज एसटीनं तेवढेच लागले, तेही उभ्यानं."

आमच्यात पहिलं बाळंतपण आईच्या हातचं. लेक येऊ शकत नव्हती, म्हणून मी जाणार होते. जावई महिनाभर आधी बोलवत होते. मी तुरीच्या काढणीचं कारण दिलं, तीन तासांचा हिशेब मनातच ठेवला. एवढ्याशा वाटेला महिनाभर आधी कोण निघतं? भावकीतल्या निम्म्या बायकांच्या उशाशी मी वेळेवर बसले होते. वेरूळला तर बैलगाडीनं जाऊन. डॉक्टरनं गुरुवार सांगितला होता, मी सोमवारचं तिकीट काढायला लावलं.

विमानात चढताना फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या.

"आई, तू येईस्तोवर होणार नाही ना गं?"

"दम धर. तीन तासांत आले."

मागून जावई काहीतरी बोलू लागले. मी फोन बंद केला. पुरुषांना अशा वेळी काय कळतं?

तीन तास झाल्यावर मी पिशवी घेऊन उभी राहिले. शेजारी जालन्याकडचा एक माणूस होता.

"आजी, कुठं निघालात?"

"उतरायला."

"बसा. अजून तेरा तास आहेत. तिथलं घड्याळ आपल्या लई मागं असतं. आपण दुपारी निघालो तेव्हा तिथं मध्यरात्र होती."

"मग कागदावर तसं लिहायला काय झालं होतं?"

"सगळ्यांना माहीत असतं, आजी."

तेरा तास मी पट्टा बांधून बसले. दोनदा जेवण आलं, ते खाल्लं. उपाशी राहून विमान लवकर पोचत नाही.

जावई न्यायला आले होते. "चारला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

मी पाचला उतरले होते. एका तासानं चुकली बिचारी, असं जाऊ अजून गावभर सांगते. खरं तर महिन्यानं चुकले, पण मी दुरुस्त करत नाही.

लेकीनं ही वाट स्वतः दोनदा केली होती. तरी तिसऱ्या तासापासून ती दाराकडं बघत होती, असं जावयांनी गाडीत सांगितलं. "मी म्हटलं, सोळा तास लागतात. ती म्हणाली, मला माहितीये, पण आई तीन म्हणालीये."

दवाखान्यात लेक खाटेवर पडली होती. मला बघून म्हणाली, "झाले का गं तुझे तीन तास?"

"झाले," मी म्हटलं, आणि हात कुठं धुवायचे ते विचारलं.