काचेच्या मागची बाजू

मोकाशी सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बंदुकीच्या समोर बसलेलं. मुरबाडजवळच्या आमच्या चाचणी केंद्रात नोकरीचा माझा पहिलाच दिवस होता. लोखंडी स्टँडवर मोठ्या बोअरची बंदूक आवळलेली, तिच्यापुढे चौकटीत बँकांची रोकड नेणाऱ्या गाडीची बुलेटप्रूफ काच आणि काचेमागे स्टुलावर सर. बंदूक रिकामी होती, हे मला नंतर कळलं. "ये, तूही बस. उद्या इथं कोणीतरी ड्रायव्हर बसणार आहे," ते म्हणाले. प्रत्येक चाचणीआधी असं क्षणभर बसणं हा त्यांचा नेमच आहे.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. आई शेजारणींना सांगते, "पोरीला काचा फोडायचा पगार मिळतो गो!" खरं तर माझ्याकडे कॅमेरा आहे, सेकंदाला हजारो चित्रं टिपणारा. तो शिकवताना सरांनी कधी आवाज चढवला नाही. सकाळची जीप चुकू नये म्हणून मी उपाशीच येते, हे त्यांनी न विचारता ओळखलं. शहापूरहून येताना ते डब्यात एक भाकरी जास्तीची आणू लागले.

माझी चूकही इथे लिहायलाच हवी. गोळी अडली तरी काचेच्या मागून कपच्या उडतात. त्या कळाव्यात म्हणून मागे ॲल्युमिनियमचा कागदासारखा पातळ पत्रा ताणून लावतात; कपचीने त्याला भोक पडलं की काच नापास. एका कंपनीच्या काचेची चाचणी होती त्या दिवशी तो मीच लावला होता. कॅमेरा मात्र काचेच्या पुढच्या अंगाला ठेवला, कारण तिथलं तडकणं देखणं दिसतं. गोळी काचेत अडली, पण पत्र्याला सुईएवढं भोक पडलेलं दिसलं.

त्या कंपनीचे अधिकारी हसून म्हणाले, "मॅडम, लावताना तुमचं नख लागलं असेल. तेवढं लिहा ना. गाड्या थांबल्यात आमच्या."

काच आवळणारे बबनदादा माझ्या कानाशी लागले, "नाय लागला म्हणून सांग गो!"

मला दोन्ही म्हणता येईना. पत्रा आधी उजेडासमोर धरून तपासायचा असतो, आणि मी तो तपासलाच नव्हता. तसं सांगताना नोकरी गेली, असंच मला वाटलं. सरांनी अहवालात लिहिलं, 'चाचणी बाद. चूक केंद्राची.' खाली स्वतःची सही केली.

"साहेब, काम दुसरीकडे नेऊ आम्ही."

"न्या. पण पुन्हा गोळी झाडल्याशिवाय इथून कागद मिळणार नाही."

दोन दिवसांनी पुन्हा चाचणी झाली. पत्रा तिघांनी तपासला आणि कॅमेरा मागे लावला. पडद्यावर काचेची आतली बाजू हळूहळू फुगली आणि तांदळाच्या कणीएवढी कपची सुटून पत्र्यातून आरपार गेली. ड्रायव्हरचा डोळा नेमका तिथेच असता. "आयला!" एवढंच बबनदादा म्हणाले.

काच नापास झाली. सरांनी कंपनीला ती चित्रफीत पाठवली, पण उत्तर आलं नाही आणि कंपनीही परत आली नाही. तेव्हापासून मला चैन नाही. ती काच आणखी कुठे पास झाली असेल का? रस्त्यात बँकेची रोकड नेणारी गाडी दिसली की मी तिच्या काचेकडे बघत राहते. सरांना हे सांगितलं, तर म्हणाले, "मीही बघतो. अजून."

आता साठी पूर्ण करून सर निवृत्त होत आहेत, आणि अहवालांवर सही माझी असेल. त्याची मला भीती वाटते, आणि ती भीती जाऊ नये असंही वाटतं.

बंदुकांच्या आवाजाने सरांचा डावा कान नेला आहे. उजवा शाबूत राहो, गुडघे धड राहोत, आणि सरांना शंभरी निरोगी गाठता येवो, ही आम्हा सर्वांची इच्छा. माझी आणखी एक आहे. सर, अधूनमधून न कळवता केंद्रात या, माझा एखादा अहवाल उघडा, आणि त्यात शंका काढा.