जिन्याखालची सायकल

सायकलच्या साखळीला तेल दिलं की तिला वाळू चिकटते. पुसली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकीच. शारजातल्या आमच्या बिल्डिंगचे किस्से मला असेच चिकटलेत. मी काही ते गोळा करायला गेलो नव्हतो, मी आपला सायकल चालवत होतो.

शारजाच्या रोल्ला भागात आमची चार मजली बिल्डिंग. बरीच घरं मराठी, सगळे ऑफिसवाले, सगळ्यांच्या नोकऱ्या दुबईत आणि सगळ्यांच्या खाली गाड्या. त्यात मी सातवी नापास, एसीच्या डक्टचा पत्रा कापणारा फोरमन. माझ्याकडे सायकल. ती जिन्याखाली उभी असायची, कारण रस्त्यावर खांबाला बांधली की नाहीशी व्हायची. कोण न्यायचं ते कधी कळलं नाही. वर्कशॉप इंडस्ट्रियल एरियात आणि त्या काळी शारजात गावातल्या गावात बस नव्हती. म्हणजे जिन्याखालची जागा गेली की सायकल गेली, आणि सायकल गेली की मी उन्हात टॅक्सीला हात करत उभा. एवढं लक्षात ठेवा.

* * *

मला सायकलचं प्रेम होतं असं कुणी समजू नये. लायसन्स मिळेना म्हणून सायकल.

तिथली ड्रायव्हिंग टेस्ट म्हणजे मॅट्रिकपेक्षा अवघड. एकदा सगळं ठीक चाललं होतं. शेजारी बसलेला पोलीस म्हणाला, "लेफ्ट." इतक्या वर्षांची सवय, मी खिडकीची काच खाली केली आणि डावा हात लांब बाहेर काढला.

पोलिसानं हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "यू सायकल?"

मला वाटलं खूश झाला. म्हटलं, "यस सर. डेली."

"व्हेरी गुड. यल्ला, गो सायकल. खलास."

* * *

पण गाडीवाल्यांचं तरी काय सुख होतं? रोल्लात पार्किंग मिळणं म्हणजे लॉटरी. एकदा बिल्डिंगसमोर जागा मिळाली की माणूस शुक्रवारी गाडी हलवायचाच नाही. सुट्टीचा दिवस घरात बसून वरून गाडीकडे बघायचा.

दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतांना एकदा सावलीतली जागा मिळाली. नेमक्या त्याच दिवशी त्यांच्या सासूबाई मुंबईहून येणार होत्या. सावंत एअरपोर्टला टॅक्सीनं गेले. टॅक्सीला तीस दिरहम, म्हणजे साडेतीनशे रुपये. येताना सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. बिल्डिंगपाशी उतरल्यावर हळूच म्हणाल्या, "जावईबापू, गाडी विकलीत का?"

सावंत म्हणाले, "नाही हो आई. ही काय, लावली आहे."

* * *

पहिल्या मजल्यावर कुलकर्णी साहेब. शिपिंग कंपनीत मॅनेजर, बिल्डिंगमधली सगळ्यात लांब गाडी त्यांची. इतक्या वर्षांत मला कधी लिफ्ट दिली नव्हती. एक दिवस म्हणतात, "चला शंकरराव, सोडतो तुम्हाला."

मला तेव्हाच वास आला. फुकट कोण कुणाला गाडीत घेतो? तरी बसलो.

बँकेसमोर, जिथे गाडी थांबवायची नाही तिथेच त्यांनी थांबवली. म्हणाले, "गाडीत माणूस असला की पोलीस काही बोलत नाही. पाच मिनिटं बसा." चावी घेऊन गेले, एसी बंद. मी आत शिजतोय. पोलीस आला. म्हणाला, गाडी हलव. म्हटलं, लायसन्स नाही. म्हणाला, गाडी कुणाची? म्हटलं, साहेबांची. साहेब कुठे? ते मला काय माहीत. त्याला माझाच संशय आला. मला खाली उतरवलं, बत्ताका मागितला, म्हणजे लेबर कार्ड, ते उलटसुलट बघितलं आणि दंडाची चिठ्ठी माझ्याच हातात दिली.

कुलकर्णी साहेब परत आले. चिठ्ठी वाचली. म्हणाले, "शंकरराव, तुम्ही आपले सायकलवरच बरे."

पण त्या दिवसापासून त्यांना माझी सायकल खुपायला लागली.

* * *

माझी पोरगी मंदा तेव्हा शाळेत. स्कूलबस चुकली की मागे कॅरियरवर बसवून न्यायचो. शाळेच्या अलीकडे कोपरा आला की पाठीत बोट टोचायची. "बाबा, स्टॉप हिअर. प्लीज."

मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. लाज वाटते हे कळायला इंग्रजी लागत नाही. मी थांबायचो.

मग पालकांच्या मीटिंगला गेलो तर एक टायवाला गृहस्थ सारखा माझ्या पोटाकडे बघतोय. मला शंका आली, ह्याचं काय हरवलंय? शेवटी जवळ आला. हिंदीत म्हणाला, "भाईसाब, आपकी बेटी ने बताया, आप फिटनेस के लिए कार छोड़ के साइकल चलाते हैं. डाएट में क्या लेते हैं?"

मी मंदाकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

म्हटलं, "दो भाकरी. और टेन्शन."

त्यानं मान डोलावली. "कार्बोहायड्रेट," म्हणाला.

* * *

मग आला अभ्यंकर. पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, पगार भरपूर. लायसन्स होतं, गाडी घेण्याची ऐपत होती, आणि ह्या माणसानं घेतली काय तर गिअरची सायकल. डोक्यावर हेल्मेट. पुढचं चाक काढून सायकल लिफ्टमधून वर घरात न्यायचा; माझी जुनी जड सायकल लिफ्टमध्ये मावत नव्हती.

सगळी बिल्डिंग हादरली. ऐपत असून गाडी नाही म्हणजे काहीतरी भानगड असणार. कुलकर्णी साहेब म्हणाले, "सायकलची एजन्सी काढतोय, लिहून ठेवा." सावंत म्हणाले, "सीआयडी असेल. एवढा हसतो कशाला?" कुलकर्णी वहिनींना वाटलं, गाडीचे पैसे सासऱ्यानं अडवलेत. मला वाटलं, लायसन्स आहे म्हणतो, पण दाखवलंय का कुणाला?

गणपतीला सावंतांकडे सगळे जमले होते. अभ्यंकरानं विषय काढला. म्हणाला, "दुबईचा रस्ता रुंद केला, तरी जॅम आहे तेवढाच. आणखी रुंद करतील, आणखी गाड्या येतील. त्यापेक्षा एक लेन सायकलला द्या, बस सुरू करा. तुमच्यातले निम्मे गाडी सोडतील."

कुणी मोदक चावेना. कुलकर्णी साहेब म्हणाले, "आणि पंचेचाळीस डिग्रीत घाम पुसायला कोण येणार, तू?"

अभ्यंकर माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही सांगा. तुम्ही रोज जाता. तुम्ही आमचे आदर्श आहात."

मला कुणी आदर्श म्हटलं की मी खिसा चाचपतो. म्हटलं, "सायकल एवढी चांगली असती तर मी टेस्टला इतक्यांदा कशाला गेलो असतो?"

सगळे हसले. तो नाही हसला. म्हणाला, "काका, तुम्ही रस्त्याच्या उलट्या बाजूनं का चालवता?"

"मागून येणाऱ्याचा मला भरवसा नाही. समोरून येणारा निदान दिसतो."

"आमच्या ऑफिसचा क्लीनर असाच उलटा यायचा," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात उडवला त्याला. पाय गेला. म्हणून म्हणतो, तुम्हाला वेगळी लेन पाहिजे."

खरं बोलत होता पोरगा. खरं बोलणाऱ्याची मला जास्त भीती वाटते.

म्हटलं, "ते असू दे. तू विकतोस काय ते आधी सांग."

* * *

आता शेवटचा किस्सा.

कुलकर्णी साहेबांनी जाहीर केलं, जिन्याखालची सायकल हलवायची. पाहुणे येतात, पहिली सायकल दिसते, बिल्डिंगची काय इज्जत राहते? मालकाच्या माणसानं सांगितलं, तुमच्यात जास्त लोक म्हणतील तसं करू. शुक्रवारी सकाळी कुलकर्णींकडे मीटिंग ठरली.

इकडे माझं वेगळंच चाललं होतं. मी उंच माणूस, माझी सीट वर. पण दर शनिवारी सकाळी बघावं तर सीट खाली. कुणीतरी माझी सायकल फिरवत होतं. एकदा कॅरियरला कोथिंबिरीची काडी, एकदा मासळीचा वास.

संशय आधी कुट्टीवर. कुट्टी म्हणजे आमचा वॉचमन, केरळचा. फरशी धुताना सायकल सरकवायला लागते म्हणून कुलपाची दुसरी चावी त्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असायची.

"कुट्टी, साइकल कौन चलाता है?"

"मालूम नहीं साब."

"तू चलाता है?"

"मेरे को आता नहीं साब." आणि वर जिन्याकडे बघून फरशी पुसायला लागला.

मी पुन्हा विचारलं नाही. लांब पत्र्यावर सरळ रेघ मारायला आमच्या वर्कशॉपमध्ये दोरीला निळी पूड फासतात. दोरी ताणून सोडली की रेघ उमटते, आणि पूड कपड्याला लागली की धुऊनही जात नाही. माझ्या सीटला काळं मखमली कव्हर होतं. गुरुवारी संध्याकाळी मी मूठभर पूड त्यात नीट चोळून मुरवली. जिन्याखालच्या अंधारात काही दिसत नव्हतं. शुक्रवारी मी सायकलला हात लावला नाही.

मीटिंगला पोचलो तर सगळे आधीच बसलेले. वहिनींच्या सोफ्याला नवी क्रीम कलरची कव्हरं. हॉटेलातून आणलेल्या इडल्या आल्या, अजून गरम होत्या.

मी विचारलं, "साहेब, इडलीला गाडी काढलीत?"

"छे, पार्किंग जाईल. चालत गेलो."

सावंतांच्या हाताला मासळीचा वास. "तुम्ही?"

"मीपण चालतच."

तिसऱ्या मजल्यावरचे गोखले पेपर वाचत होते. त्यांनी न विचारताच सांगितलं, "मीसुद्धा."

कुलकर्णी साहेब बोलायला उभे राहिले, भिंतीला पाठ करून. पांढरी पँट. म्हणाले, "शंकररावांबद्दल माझ्या मनात काही नाही. पण सायकल ही लेबरची वस्तू. इथल्या एकाही सभ्य माणसाला तिच्यावर बसलेलं तुम्ही बघितलंय का?" एसी कमी करायला ते मागे वळले.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "अहो, मागे निळं काय लागलंय?"

साहेबांनी मागे हात फिरवला. तळहात बघितला. मग माझ्याकडे बघितलं आणि सावकाश खाली बसले.

सावंतांनी हळूच हात स्वतःखाली घातला, बाहेर काढला आणि मूठ मिटून गुडघ्यावर ठेवली. गोखल्यांनी पेपर मांडीवर घेतला.

अभ्यंकर सगळ्यांकडे बघत होता. म्हणाला, "मग मत घेऊया का? ज्यांना सायकल हलवायला हवी आहे त्यांनी उभं राहा."

कुणी उठेना.

चहा आला. ज्याचा त्याला जागेवर द्यावा लागला. चहा संपला, तरी कुणी उठेना. बऱ्याच वेळानं फोन वाजला, वहिनींनी घेतला.

"सावंत भावजी, घरून फोन आहे. पानं वाढलीत म्हणे, जेवायला चला."

सावंत म्हणाले, "सांगा तिला, बसतो जरा."