दाढ न भाजलेलं वर्ष

गोबर गॅसवर संशोधन करून मी पदवी मिळवली, हे कुणाला सांगताना आजही माझी जीभ अडखळते.

ऐंशीनंतरची पहिली वर्षं. विद्यापीठानं मला मिरजोळ्यापलीकडच्या एका वाडीत पाठवलं होतं. तिथल्या एका वहिनीच्या परसात टाकी बांधली. नवरा मुंबईला गिरणीत. घरी ती, दोन मुली, बैलजोडी आणि एक म्हैस. आता लाकूडतोड थांबणार, धूर थांबणार. स्वतःचं काय ते कौतुक होतं मला तेव्हा!

शिमगा झाला तशी ती म्हणाली, "शेण सगला टाकीत गेला तर दाढ कशान भाजू, भाऊ?"

भाताची रोपं जिथे करायची, तो तुकडा म्हणजे दाढ. उन्हाळ्यात तिच्यावर शेण, डहाळ्या, वाळक्या पानांचा पातेरा पसरून आमच्याकडे आग लावतात. माझी आईही लावायची. मला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. पण शेण जाळतात ते अडाणी, असं चार पुस्तकं वाचून डोक्यात शिरलेलं. म्हटलं, "वहिनी, काही जाळू नका. टाकीतून निघते ती मळी घाला, बघा कसं रोप येतं." शिकलेला माणूस सांगतोय म्हणून तिनं ऐकलं.

अरे गाढवा, ती आग नुसत्या खतासाठी नव्हती. तण मरावं म्हणून होती.

पाऊस लागला आणि त्या तुकड्यात तणच माजलं. वहिनी नि मुली दिवसभर ओणव्यानं उपटत होत्या. तणाबरोबर रोपही हातात येत होतं. शेजाऱ्यांनी आपलं लावून उरलेलं दिलं, त्यात एक खाचर लागलं. बाकीची पडीक राहिली. वर्षाचं भात गेलं.

लाजेनं मी दसऱ्यापर्यंत फिरकलोच नाही. गेलो तेव्हा तिनं शेगडी पेटवून दाखवली.

"ग्यास बरा पेटतो," ती म्हणाली. "पण वर काय ठेवू?"

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मला फॉर्म भरून हवा होता. लाभार्थी समाधानी आहे काय, असा त्यात प्रश्न होता. 'नाही' लिहिलं तर माझे मार्गदर्शक सर आणखी वर्षभर अडकवणार. मी 'होय' लिहिलं आणि शाईचं पॅड तिच्यापुढे सरकवलं.

अंगठा उमटवून तिनं विचारलं, "यान तांदूळ मिळतील ना, भाऊ?"

मी हो म्हटलं.