मिस्त्रीमामांची पाठ आणि साडेपाच सेकंद

"कोणीही हलायचं नाही! शिंक आली तर गिळा!" मी एवढ्या जोरात ओरडलो, की थळच्या किनाऱ्यावरच्या होड्यासुद्धा जागच्या जागी थबकल्या असतील.

कारणच तसं होतं. आमच्या वर्कशॉपातल्या मिस्त्रीमामांनी चार महिने हातानं घासून एक फिरतं टेबल बनवलं होतं. ते सांगितल्या कोनात नेमकं फिरतं का, हे मी लेझरनं मोजत होतो. चूक दोन सेकंदांच्या आत हवी. कोनाचा सेकंद म्हणजे एका अंशाचे छत्तीसशे तुकडे करा, त्यातला एक. गिऱ्हाइकाचा तपासनीस शेजारी वही उघडून बसलेला. टेबल नापास झालं तर हत्यारं समुद्रात टाकीन, असं मामा चारचौघांत बोलून बसले होते.

आणि चूक वाढत होती. तीन. चार.

हवा हलली की किरण थरथरतो, म्हणून मी पंखे बंद करवले. ऐन मे महिन्यात! आठ जणांच्या घामावर एक मिठागर आरामात चाललं असतं. ट्रकनं जमीन हादरते म्हणून एकाला रस्ता अडवायला पिटाळलं. तपासनिसाला म्हटलं, श्वास तिकडे तोंड करून सोडा. बिचारा सोडू लागला. साडेपाच! आता हत्यारांची जलसमाधी पक्की.

तेवढ्यात घोरणं ऐकू आलं.

टेबल आणि लेझर ग्रॅनाइटच्या ज्या लांबलचक दगडावर मांडले होते, त्याच्या पलीकडच्या अंगाला मामा उघडी पाठ टेकून झोपलेले. जेवल्यावर गार दगडाला पाठ लावायची, हा त्यांचा रोजचा नेम. एरवी दहा मिनिटांत उठायचे. आज तासभर झाला होता. मी हात लावून पाहिलं, तर त्या बाजूनं दगड कोमट. एक अंग तापून तो कणभर वाकला होता, आणि तो वाक माझा लेझर इमानदारीनं टेबलाच्या माथी मारत होता.

मामांना हलवलं. डोळे न उघडता म्हणाले, "तुम्हीच बोललाव, हलायचं न्हाय."

संध्याकाळपर्यंत दगड निवू दिला. पुन्हा मोजलं, तर चूक सव्वा सेकंद. तपासनिसानं सही केली आणि दिवसात पहिल्यांदा सरळ समोर श्वास सोडला. मग मी मामांना माणसाची ऊब, दगडाचं फुगणं, किरणाचं कलणं असं सगळं पुराण ऐकवलं. पाऊण तास तरी. त्यांनी ते हत्यारं पुसत शांतपणे ऐकून घेतलं.

"टेबल बरोबर हाय, ते मला ठाव व्हतं," ते म्हणाले. "उद्या जेवल्यावर मी टेकू कुठं, ते सांगा."